शिवडीचा ट्रक आणि घाटाचा उतार

माणसाने चाक केव्हा शोधून काढले याविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. पण फिरते चाक थांबवावे कसे, हे त्याला केव्हा उमगले, याची चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाही. चाक पुढे नेते, म्हणून त्याचे कौतुक. थांबवणाऱ्या वस्तूच्या वाट्याला कौतुक कुठले! घरोघरी हाच न्याय चालतो. मिळवून आणणाऱ्याचे नाव होते, आणि हात राखून खर्च करणारी गृहिणी पडद्याआड राहते. पण महिनाअखेर येते तेव्हा घर कोणी सांभाळले, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

फराळाचे ताट पुढे ओढून हा अंक उघडणाऱ्या वाचकांना एक्सल आणि ब्रेक असला तेलकट विषय कदाचित रुचायचा नाही. तरीही त्यांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. विषय तेलकट असला तरी प्रश्न साधा आहे. हाती पैसा एकाच कामापुरता असेल, तर गाडीची ओढण्याची ताकद आधी वाढवावी, की थांबण्याची? हा प्रश्न घाटातल्या बैलगाडीवाल्याला पडला होता, आगगाडीच्या इंजिनियरांना पडला होता, आणि काही वर्षांपूर्वी आमच्या शिवडीतल्या एका ट्रकमालकालाही पडला. मी शाळामास्तर आहे; फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येवर अधिकार सांगावा असे माझ्याजवळ काही नाही. पण ज्या वस्तीत राहतो तिच्या इतिहासाची थोडी चाळवाचाळव करण्याची खोड आहे. तिच्यातून हा लेख जन्मला.

शिवडी म्हटले की आता लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, खाडीच्या चिखलात उतरणारे गुलाबी रोहित पक्षी. आणि दुसरी, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला न्हावाशेव्याकडचा अटल सेतू. त्याची लांबी २१.८ किलोमीटर, आणि त्याचे मुंबईकडचे टोक आमच्या शिवडीला. थोडे जाणते लोक किल्ल्याचे नाव घेतात. परंतु या देशाच्या मोटारीच्या इतिहासाचे एक पान शिवडीत उघडले, हे आजच्या शिवडीकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. हिंदुस्थानातला या जातीचा तो पहिला कारखाना. गाड्यांचे सुटे भाग पेट्यांत भरून बोटींनी मुंबईच्या गोद्यांत उतरत. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ पासून या किनाऱ्याने धावतच होती. पेट्या फोडायच्या, सांगाड्यावर एंजिन बसवायचे, मागचा एक्सल, पुढचा एक्सल, पाटे, चाके जोडायची, आणि उभी गाडी रस्त्यावर सोडायची, असा तो उद्योग. त्यातून शेव्हरोले मोटारी निघत, तसेच ट्रकही निघत.

ट्रक हा शब्द आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या पोटात काय चालते, याचा विचार आपण करीत नाही. एंजिन हे भराभर फिरते, पण त्याच्या एकेका फेऱ्यात जोर बेताचा. जोर हवा असेल तर वेग द्यावा लागतो, हा निसर्गाचा रोखठोक व्यवहार आहे. गियरपेटीत हा व्यवहार एकदा होतो आणि दुसऱ्यांदा होतो तो मागच्या एक्सलात. तेथे एक लहान दातेरी चाक एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. मिस्त्री लोक या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात. समजा, लहान चाकाचे सहा फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. मग वेग सहापट घटतो आणि, घर्षणात जाते ते सोडून, जोर सहापट वाढतो. चढणीच्या आणि खडकाळ वाटेच्या गाडीला म्हणूनच सपाटीच्या गाडीपेक्षा अधिक पटीचा एक्सल लागतो. ती सावकाश चालते, पण दमत नाही.

एक्सलात आणखी एक भेद आहे. काही गाड्यांत चाक फिरवणारा दांडाच गाडीचे ओझेही पेलतो. असा दांडा तुटला तर चाक त्याच्यासकट निखळून बाहेर येऊ शकते. जड ट्रकात ओझे पेलण्याचे काम बाहेरच्या पोलादी नळीकडे, म्हणजे हौसिंगकडे असते, आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. असा दांडा तुटला तरी ट्रक आपल्या चाकांवर उभा राहतो. बोल्ट काढून तुटका दांडा ओढून घ्यावा आणि नवा घालावा, इतके ते सोपे. एकाने दोन कामे करण्यापेक्षा दोघांनी एकेक करावे, हे शहाणपण कारखान्यात फार पूर्वी कळले आहे. आमच्या शाळेत ते अजून यायचे आहे.

आता दुसरी बाजू. मोटार जन्मली तेव्हापासून तिची धावण्याची हौस मोठी, पण थांबण्याची सोय तुटपुंजी होती. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोटारींना ब्रेक असत ते फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेक लावल्यास गाडी उलटेल, अशी भीती पुष्कळ शहाण्या लोकांनाही वाटत असे. वस्तुस्थिती उलटी आहे. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणजे आपण पुढच्याच्या पाठीवर आदळतो, त्याचे कारण हेच. भार पुढे आला की पुढची चाके जमीन घट्ट धरतात आणि मागची हलकी होतात. म्हणजे ज्या चाकांत थांबवण्याची अधिक ताकद, त्यांनाच ब्रेक नव्हते! १९२० नंतरच्या दहा वर्षांत ही चूक सुधारली. ज्या १९२८ साली शिवडीचा कारखाना निघाला, त्याच सालच्या शेव्हरोले मोटारीला चारही चाकांचे ब्रेक मिळाले.

पण हे ब्रेक सळयांचे आणि तारांचे. चारही चाकांवर सारखा दाब यावा म्हणून ते पुन्हा पुन्हा नीट करावे लागत. एक चाक आधी धरले की गाडी तिकडे ओढली जाई. त्यावरचा उपाय शालेय पुस्तकात तीनशे वर्षे पडून होता. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि मुले दरवर्षी विसरतात. माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसाने याच नियमावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट १९१७ साली घेतले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत तो ब्रेक आला, आणि शेव्हरोलेने तो १९३६ साली स्वीकारला. पाय एका दट्ट्यावर, आणि दाब चारही चाकांवर सारखा. फ्रान्समधल्या एका चिंतनशील माणसाने सतराव्या शतकात केलेला विचार अशा रीतीने सामान्य ड्रायव्हरच्या पायाखाली आला.

येथपर्यंत सपाटीची गोष्ट झाली. पण मुंबईची गाडी फार काळ सपाटीवर राहत नाही. देशावर जायचे तर सह्याद्री चढावा लागतो, आणि परत यायचे तर उतरावा लागतो. आमच्याकडे बैलगाड्या घाटाने जात तेव्हा चढणीला जादा बैलजोडी जोडीत. विसाव्याला थांबले की चाकामागे धोंडा लावीत. उतरणीला बैलांनी मागे रेटून गाडी धरायची. जादा बैल ही झाली ओढ, आणि धोंडा हा झाला ब्रेक. गाडीवानाला एक्सल किंवा ब्रेक यांपैकी एक निवडण्याची चैन नव्हती. धोंडा फुकट मिळत होता.

आगगाडीला मात्र काहीच फुकट नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातला मार्ग बांधायला १८५६ साली हात घातला आणि तो २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट असा चढ. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर त्या डोंगरात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली काम हाती घेताच वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले हा मार्ग सुरू झालेला पाहायला राहिला नाही. तो १८६२ साली गेला.

डोंगराच्या एका अंगाला वळायला जागाच नव्हती. म्हणून तेथे उलटे स्थानक केले. गाडी आत शिरायची, इंजिन या टोकाचे त्या टोकाला लागायचे, आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची वाट धरायची. चढणाऱ्या गाडीला याचा त्रास नव्हता. उतरणाऱ्या गाडीला मात्र तेथे थांबलेच पाहिजे. नाही थांबली तर पुढे रूळ संपतो आणि दरी सुरू होते. घाटासाठी जी खास इंजिने आणली त्यांना चाकांच्या ब्रेकखेरीज थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेकही होते. म्हणजे धोका इंजिनियरांना कळला होता. तरीही १८६९ च्या जानेवारीत उतरणीची एक डाकगाडी ब्रेकना आवरली नाही आणि त्या स्थानकातून पलीकडे गेली.

योगायोग असा की, त्याच १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पुढे तीनचार वर्षांत त्याने त्यात जी सुधारणा केली ती मला एखाद्या सुभाषिताइतकी सुंदर वाटते. पहिल्या रचनेत ब्रेक लावण्यासाठी हवेचा दाब लागे. नळी फुटली की ब्रेक गेला. नव्या रचनेत त्याने गणित उलटे केले. नळीतला हवेचा दाब हा ब्रेक सोडून धरण्यासाठी! दाब गेला, नळी फुटली, डबे सुटले, की ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, धावली नाही पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून आगगाडीच्या हाडीमाशी खिळले. आजच्या जड ट्रकांत हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा जो ब्रेक असतो, तो याच घराण्यातला.

बोरघाटाने आणखी एक धडा घेतला. उतारावर सुटलेली गाडी वळवून चढावर नेणारे आडरूळ तेथे घातले. काटे नेहमी त्या आडरुळाकडेच लावलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच तिला खालची वाट मिळते. चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात. म्हणजे बैलजोडीही आली आणि धोंडाही आला. १९२९ साली पुण्यापर्यंत वीज आली, उलटे स्थानक बंद झाले, आणि मालगाड्यांसाठी स्विस बनावटीची जी विजेची इंजिने आली त्यांनी तर बहार केली. उतरताना त्यांच्या मोटारी उलट वीज निर्माण करून तारेत परत देत. त्या ओढीनेच गाडी आवरली जाई. उतरणाऱ्या गाडीच्या विजेवर चढणाऱ्या गाडीला हातभार!

ही वीज येते कोठून, हा प्रश्न मुले विचारतात, आणि त्याचे उत्तर ब्रेकचे सारे रहस्य सांगते. डोंगरावर चढवलेल्या वजनात चढवण्याचे श्रम साठून राहतात. उतरताना ते श्रम परत मागितले जातात. सहा हजार किलोंचा भरलेला ट्रक साडेपाचशे मीटर उतरला, तर त्यात साठलेली शक्ती किती? वर्गात फळ्यावर हे गणित मी करून दाखवतो. ती सारी शक्ती उष्णतेत गेली तर सुमारे एकशे दहा लिटर गार पाणी उकळीला आणता येईल. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाखाली लाकडे सारता सारता ज्या आईचे डोळे धुराने लाल होतात, तिला विचारा हे काम किती आहे. विसाण घातले तर मोठ्या कुटुंबाचे अभ्यंगस्नान त्यात सहज उरकेल. तेवढी आग घाट उतरताना ब्रेकच्या ड्रमांत आणि लायनरांत ओतली जाते. लायनर तापले की त्यांची पकड सैल होते. द्रव तापून उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पाय दाबला तरी दाब पोचत नाही. घाटाच्या पायथ्याशी जो जळका वास येतो तो याचाच.

म्हणून जुने ड्रायव्हर एक नियम सांगत आले आहेत: ज्या गियरवर घाट चढावा, त्याच गियरवर तो उतरावा. खालच्या गियरवर चाकांना एंजिन फिरवत बसावे लागते, आणि एंजिन त्यांना आवरून धरते. ब्रेकवरची निम्मीअधिक आग अशी वाचते. आता पाहा, हा आवर चाकांपर्यंत पोचतो कशातून? मागच्या एक्सलातून. म्हणजे ज्याला आपण ओढीचे यंत्र समजतो, तेच उतारावर लगामही होते. एक्सल आणि ब्रेक हे दोन पक्ष आहेत असे समजून सुरू झालेला वाद येथे जरा गुंतागुंतीचा होतो.

दुसऱ्या महायुद्धात हा वाद वाळवंटात गेला. शिवडीला तेव्हा लष्करासाठी गाड्या जुळवल्या जात होत्या. कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांवर लष्करी गाड्या तयार केल्या. त्यांत शेव्हरोले आणि फोर्ड यांच्या एकाच घाटाच्या, नाक चपट्या, उजव्या हाताने चालवायच्या ट्रकांचा भरणा मोठा होता, आणि त्यांपैकी अनेकांच्या चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळे. चिखलात, वाळूत, रस्ता सोडून चालायला चारही चाके ओढणारी गाडी उत्तम, यात शंका नाही. पण उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात राल्फ बॅग्नोल्ड याने १९४० साली जी दूरवर टेहळणी करणारी तुकडी उभारली, तिने वेगळाच हिशेब केला. मधल्या काळात तिला चारही चाके ओढणाऱ्या फोर्ड गाड्या मिळाल्या. त्या दणकट होत्या, पण जड होत्या आणि पेट्रोल फार पीत. शेकडो मैलांच्या वाटेवर पेट्रोल आणि पाणी आपल्याच पाठीवर न्यायचे असते. म्हणून १९४२ मध्ये तिने पुन्हा फक्त मागची चाके ओढणारे हलके शेव्हरोले ट्रक घेतले. त्यांची दारे, टप, पुढची काच सगळे काढून टाकले, पाटे मजबूत केले. वाळूत रुतले तर लोखंडी पत्रे चाकाखाली घालून हाताने काढायचे. ओढ वाढवावी की थांबण्याची शक्ती, या दोन उत्तरांच्या जोडीला येथे तिसरे उत्तर आले: ओझे कमी करा!

आता आमच्या ट्रकमालकाकडे येतो. शिवडीपासून दारूखाना फार दूर नाही. जुन्या बोटी, जुनी लोखंडे, जुन्या गाड्यांचे अवयव यांची तेथली बाजारपेठ मुंबईकरांना परिचित आहे. लिलावात घेतलेला लष्कराचा एक जुना ट्रक या गृहस्थांनी बाळगला होता. कर्जतच्या बाजूला, डोंगरातल्या ज्या वाड्यांना धड रस्ता नाही तेथे सिमेंट, खडी, पाण्याच्या टाक्या पोचवायच्या, असा त्यांचा धंदा. पावसाळा संपून कामे निघाली होती आणि दिवाळीपूर्वी गाडी दुरुस्त करायची होती. पैसा एकाच कामापुरता. दारूखान्यात एक भक्कम मागचा एक्सल चांगल्या भावात मिळत होता, आणि ब्रेकचे ड्रम, लायनर, सिलिंडर, नळ्या हे सगळे बदलायलाही जवळजवळ तेवढाच खर्च येत होता. त्या ट्रकचा ड्रायव्हर माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप. म्हणून या चर्चेत मला नुसते कुतूहल नव्हते.

मालकांचे म्हणणे सरळ होते. "जोर वाढला तर एका खेपेत दीडपट माल जाईल. ब्रेकचं काय, सावकाश चालवलं की झालं."

मिस्त्री म्हातारे होते. हातातले फडके खांद्यावर टाकून ते म्हणाले, "सावकाश चालवायलाच ब्रेक लागतो, शेठ."

मी मध्ये तोंड घातले. "मिस्त्री, पण चढावर एक्सल तुटला तर?"

"मास्तर, एक्सल तुटला तर गाडी उभी राहते. ब्रेक गेला तर गाडी उभी राहत नाही. मग आधी काय करायचं ते तुम्हीच सांगा."

हे उत्तर चोख होते; पण म्हातारे तेथेच थांबले नाहीत. त्यांनी मला ट्रकखाली वाकायला लावले. या जातीच्या ट्रकचा हातब्रेक चाकांवर नसतो. गियरपेटीमागच्या लांब फिरत्या दांड्यावर असतो. दांडा धरला की एक्सल धरला जातो आणि एक्सल धरला की चाके. "आता चढावर एका बाजूचा शाफ्ट तुटला, तर हातब्रेक कशाला धरणार?" ते म्हणाले. एक्सलातले डिफरन्शियल हे असे यंत्र आहे की एका बाजूचा विरोध गेला की सगळा फेरा त्या बाजूला निघून जातो. तुटक्या बाजूचा तुकडा मोकळा फिरतो, आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी मागे घसरू लागते. तेव्हा तिला धरतो तो फक्त पायाचा ब्रेक. म्हणजे मालकांना ज्या चढासाठी एक्सल हवा होता, त्या चढावरही शेवटचा आधार ब्रेकचाच होता.

"तर असं करा," मिस्त्री म्हणाले, "ब्रेक पुरते नवे करा. एक्सल उघडून तेल बदलू, बेरिंग बघू, शाफ्टला चीर आहे का तपासू. आणि खेपेला माल वाढवण्याऐवजी थोडा कमी घाला. मग हाच एक्सल आणखी चार वर्षं जाईल."

वाळवंटातल्या त्या तुकडीची हकीगत मिस्त्रींनी कधी ऐकली असण्याचा संभव नाही. तरी दोघांचा हिशेब एकाच ठिकाणी येऊन थांबला. मालक बराच वेळ गप्प होते. कमी माल म्हणजे जास्त खेपा, जास्त डिझेल. हा तोटा खरा होता आणि तो त्यांच्या खिशातून जाणार होता. ड्रायव्हर बाजूला उभा होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि त्यानेही तोंड उघडले नाही. अखेर मालकांनी त्याच्याकडे पाहिले आणि ब्रेकचे सामान लिहून घ्यायला सांगितले. मी त्यांना उदार म्हणणार नाही. त्यांनी शहाणा व्यवहार केला. पण त्या क्षणी त्यांनी हिशेब केला तो फक्त रुपयांचा नव्हता, एवढे मी स्वतः पाहिले.

शिवडीच्या कारखान्याचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारले, परदेशचे भाग नुसते जुळवत किती दिवस बसायचे? १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, ज्यांची गाड्या येथेच तयार करण्याची योजना असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याला उभी होती; तिने राहायचे ठरवले. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद केला. त्याच साली टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. एक दार मिटले आणि दुसरे उघडले, असे इतिहासाच्या पुस्तकात लिहायला बरे वाटते. पण शिवडीच्या फाटकातून शेवटच्या दिवशी बाहेर पडलेल्या कामगाराला जमशेदपूर फार लांब होते. हीच कंपनी पुढे पुन्हा महाराष्ट्रात आली. २००८ साली तळेगावला, म्हणजे बोरघाट चढून गेल्यावर, तिचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि २०२० अखेर तोही थांबला. आता ती जागा ह्युंदाईकडे गेली आहे.

देश, उद्योग, माणसे यांच्याही वाटेत चढ असतात आणि उतार असतात. चढासाठी भांडवल जमवण्याची आपल्याला हौस आहे. उताराची तरतूद मात्र अपघातानंतर होते. आगगाडीने १८६९ नंतर केली, मोटारीने १९२० नंतर केली, आणि जड वाहनांची चाके ब्रेक दाबताच जाम होऊन घसरू नयेत अशी यंत्रणा आपल्याकडे सक्तीची व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. द्रुतगती मार्गाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या अजून छापून येतच आहेत. त्या बातम्यांत ट्रकचा जोर कमी पडला असे कधी वाचल्याचे मला स्मरत नाही.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी गाडी आहे, ते पाडव्याला तिला झेंडूची माळ घालतील, चाकाखाली लिंबू ठेवतील. जरूर ठेवावे. त्याआधी एकदा मिस्त्रीकडे नेऊन ब्रेकचा द्रव आणि लायनर मात्र पाहून घ्यावेत. पूजा पुढच्या प्रवासासाठी असते, आणि प्रवासाला निघालेला माणूस घरी परत यावा लागतो.